वाचकांचे प्रश्न : पॅराशूट हिसका देऊन का उघडतं?

स्कायडायव्हिंग करणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी बरीचशी या वेळी एकाच दुखण्याची आहेत: कॅनपी, म्हणजे पॅराशूटचा फुलणारा कापडी भाग, अलगद फुलण्याऐवजी मानेला हिसका देऊन उघडते. ती पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : सध्या नोकरीनिमित्त स्पेनमध्ये आहे. साठेक उड्या झाल्या. नऊ सेलची (हवा भरणाऱ्या कप्प्यांची), 190 चौरस फुटांची कॅनपी वापरतो. इन्स्ट्रक्टरने पॅक केली की छान उघडते. मी केली की चारातून एकदा असा हिसका बसतो की दोन दिवस मान वळत नाही. पायऱ्या तर त्याच करतो. (एक वाचक, मूळचे पुण्याचे)

उत्तर : पायऱ्या त्याच असतील, पण आधी स्लायडरवर संशय घ्या. चार कोपऱ्यांना धातूच्या कड्या असलेला हा कापडाचा चौकोन. कॅनपीच्या सगळ्या दोऱ्या या चार कड्यांतून खाली येतात. हवा भरली की कॅनपी पसरू पाहते, दोऱ्या फाकतात आणि स्लायडरला खाली ढकलतात. खालून येणारा वारा त्याला वर रेटून धरतो. तुमचा वेग ताशी 190-200 किलोमीटर असतो तोवर वारा जिंकतो. वेग उतरत जातो तसा स्लायडर हळूहळू खाली येतो. या रस्सीखेचीमुळेच उघडायला तीन-चार सेकंद लागतात. स्लायडर सुरुवातीलाच चार इंच खाली असेल, तर वारा त्याला पकडण्याआधीच कॅनपी पसरते आणि तीन सेकंदांचं काम क्षणात उरकतं. तो हिसका मान, खांदे आणि दोऱ्यांच्या वाट्याला येतो.

पॅकिंगमध्ये स्लायडर घसरतो तो बहुतेक वेळा खांद्यावरून जमिनीवर येताना. प्रो-पॅकमध्ये, म्हणजे उभ्याने पॅक करण्याच्या पद्धतीत, रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) खांद्यावर अडकवून उभं असता तोवर दोऱ्या ताठ असतात. पुढच्या नऊ सेलची तोंडं मोजून, निऱ्या धराव्यात तशी गुडघ्यांत धरता. मग ए आणि बी, बी आणि सी, सी आणि डी (पुढून मागे दोऱ्यांच्या रांगांची ही नावं) दोऱ्यांमधलं कापड दोन्ही बाजूंना बाहेर काढता. इथवर कुणाचं फारसं चुकत नाही. पुढे स्लायडरच्या चारही कड्या कॅनपीच्या बाजूंना शिवलेल्या थांब्यांना टेकेपर्यंत वर सरकवायच्या, त्याचं कापड दोऱ्यांच्या मधून चारही दिशांना सारखं फाकवायचं, आणि पुढच्या कडेचा मध्य थोडा बाहेर ओढून ठेवायचा, म्हणजे वारा सर्वांत आधी त्यालाच लागेल. मग शेपटीचा (कॅनपीच्या मागच्या कडेचा) मध्य, जिथे धोक्याच्या सूचनेचं लेबल असतं, स्लायडरच्या कड्यांच्या उंचीपर्यंत आणून दोऱ्यांपाशी धरायचा आणि दोन्ही कडा पुढून एकत्र घेऊन चार-पाच वेळा घट्ट गुंडाळायच्या.

आता खाली ठेवताना. बरेच जण कमरेत वाकतात आणि गाठोडं पायाशी टाकतात. वाकलं की खांदा पुढे जातो, दोऱ्या सैल पडतात आणि कड्या आपल्याच वजनाने खाली येतात. एक हात शेपटीच्या गुंडाळीवर आणि दुसरा स्लायडरच्या लगेच खाली, दोऱ्यांवर घट्ट ठेवा. गाठोडं झोक्यासारखं पुढे नेऊन, दोऱ्या ताणलेल्याच राहतील अशा अंतरावर टेकवा. गुडघ्यांनी हवा काढायच्या आधी दोऱ्यांच्या बाजूने आत हात घाला आणि चारही कड्या बोटांनी चाचपा. प्रत्येक कडी थांब्याला टेकलेली लागली पाहिजे. एक जरी खाली सापडली, तरी तिथल्या तिथे ओढून बसवू नका; परत खांद्यावर घ्या. हा तपास अर्ध्या मिनिटाचा आहे आणि नवशिके नेमका तोच गाळतात. पुढे बॅगेत (कॅनपी ठेवायच्या कापडी पिशवीत) भरण्यासाठी घड्या घालतानाही दोऱ्यांकडचं टोक गुडघ्याखाली दाबून धरा.

प्रश्न : माझ्या कॅनपीला मायक्रोलाइन ही बारीक दोरी आहे. बॅगेवर दोऱ्यांच्या घड्या धरणाऱ्या मोठ्या रबर बँडमध्ये दोऱ्या सैल वाटतात. दोन वेढे द्यावेत, तर बॅग उघडणारच नाही अशी भीती वाटते. (दुबईहून)

उत्तर : सैल ठेवण्यातला धोका मोठा आहे. दोऱ्या टप्प्याटप्प्याने, रबरात अडकवलेला एकेक फास (दोऱ्यांची घडी) सुटत बाहेर याव्यात आणि सगळ्या ताणल्यावरच बॅगेचं तोंड उघडावं, ही मूळ रचना. फास सैल असले की बॅग उचलताच दोऱ्यांचा झुबका एकदम बाहेर सांडतो. पॅकर याला ‘लाइन डंप’ म्हणतात. मग कॅनपी बॅगेतून आधीच बाहेर येते, सैल दोऱ्यांवर स्लायडर घरंगळतो आणि दोऱ्या ताणल्या जातात तेव्हा कॅनपी अर्धी फुललेली असते. स्लायडर कितीही नीट बसवलेला असो, इथे सगळं पाण्यात जातं.

बारीक दोऱ्यांसाठी लहान रबर बँड घ्या, किंवा मोठ्याचे दोन वेढे द्या. तोंड बंद करणारे फास सर्वांत महत्त्वाचे: रबराच्या पुढे आलेला दोऱ्यांचा कान साधारण दोन ते अडीच इंच हवा. एक ढोबळ कसोटी करता येते. अशा फासाचा कान धरून भरलेली बॅग उचला. लोंबकळली तर ठीक, फास सुटून बॅग खाली पडली तर रबर बदला. चिरा पडलेला किंवा उन्हाने कडक झालेला बँड तुटेपर्यंत चालवू नका. सगळ्या खेळात याहून स्वस्त भाग नाही. शेवटी रायझरपाशी दीड ते दोन फूट दोरी मोकळी सोडा. ती कमी पडली तर बॅग कंटेनरमधून (पाठीवरच्या पिशवीतून) उठताना तिरकी होते आणि दोऱ्यांना पीळ बसतो.

प्रश्न : कॅनपीचं नाक गुंडाळून आत कोंबलं की हिसका बसत नाही, असं ड्रॉप झोनवर (उड्यांच्या मैदानावर) ऐकलं. खरं का? (नाशिक)

उत्तर : अर्धं खरं. नाक म्हणजे सेलची पुढची उघडी तोंडं. ती झाकली की हवा उशिरा शिरते. पण स्लायडर खाली असेल किंवा दोऱ्या सांडल्या असतील, तर नाकाची कितीही गुंडाळी कामाची नाही. शिवाय एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी गुंडाळलं, तर कॅनपी उघडताना वळते. तुमच्या कॅनपीच्या निर्मात्याने माहितीपुस्तिकेत नाकाबद्दल जे लिहिलंय, तेवढंच करा. एका मॉडेलला मानवणारी युक्ती दुसऱ्याला मारक ठरू शकते.

प्रश्न : पोटावरच्या उड्यांत सगळं ठीक. डोकं खाली करून उडलो की मात्र हिसका. पॅकिंग तेच. (बेंगळुरू)

उत्तर : तेव्हा पॅकिंगला दोष देऊ नका. डोकं खाली असताना वेग ताशी 240 ते 290 किलोमीटर होतो आणि हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 200 ऐवजी 250 ने उघडलंत, तर दाब दीडपटीहून जास्त. इतरांपासून दूर झाल्यावर पोटावर या, काही सेकंद सपाट राहा, वेग उतरू द्या, मगच पायलट शूट (मुख्य पॅराशूट बाहेर खेचणारं छोटं पॅराशूट) फेका. लांब ट्रॅक करून (हवेत आडवं सरकत दूर जाऊन) आलात तरी हेच. त्यासाठी लागणारी उंची उडीच्या आराखड्यातच धरा.

प्रश्न : जबर हिसका बसला, पण कॅनपी नीट उडाली आणि मी सुखरूप उतरलो. पुढची उडी मारू का? (ठाणे)

उत्तर : आधी मानेचं बघा. बोटांना मुंग्या, हातात अशक्तपणा किंवा दृष्टीत काही फरक वाटत असेल, तर ड्रॉप झोनवरून थेट डॉक्टरकडे. मग कॅनपी पसरून रिगरला (पॅराशूट तपासणाऱ्या तंत्रज्ञाला) दाखवा. दोऱ्या कापडाला जोडलेल्या जागा, सेलमधल्या पडद्यांची शिवण आणि स्लायडरच्या कड्यांना पडलेल्या खाचा तपासायला सांगा. खाचेच्या कडीवर दोरी घासते आणि पुढच्या खेपेला तुटू शकते.

दोऱ्यांची लांबीही मोजून घ्या. मायक्रोलाइन स्लायडरच्या घर्षणाच्या उष्णतेने आखडते, आणि बाहेरच्या व ब्रेकच्या दोऱ्या इतरांपेक्षा जास्त. काहीशे उड्यांत फरक इंचांत जातो, कॅनपीचा तोल बदलतो, आणि पूर्वी अलगद उघडणारी कॅनपी पॅकिंग न बदलताही हिसके देऊ लागते. व्हेक्ट्रन ही दुसऱ्या प्रकारची दोरी तशी आखडत नाही. ती घासून झिजते, म्हणून तिच्या सुटलेल्या तंतूंकडे लक्ष ठेवा. डॅक्रॉनची दोरी जाड आणि भरपूर जागा खाणारी, पण ताणली जाते, त्यामुळे हिसका बराच पचवते.

पॅकिंग, दोऱ्या आणि वेग तिन्ही ठीक असूनही त्रास सुरूच असेल, तर रिगरशी दोन गोष्टी बोला: पायलट शूट कॅनपीच्या मानाने मोठं आहे का, आणि निर्मात्याकडून मोठा किंवा खिसा असलेला स्लायडर मिळतो का.

प्रश्न : मुख्य पॅराशूट स्वतः पॅक करतो. रिझर्व्हही (राखीव पॅराशूट पॅक करणं) शिकावं का? (पुणे)

उत्तर : शिकून स्वतःचं पॅक करायची मुभा नाही, त्यासाठी प्रमाणित रिगरच लागतो. अमेरिकेत रिझर्व्ह वापरलं नसलं, तरी दर 180 दिवसांनी ते पुन्हा पॅक करून घ्यावं लागतं. परदेशात उडायला जाण्याआधी तुमच्या रिझर्व्हच्या पत्रकावरची शेवटची तारीख बघून ठेवा, नाहीतर पहिला दिवस रिगरच्या रांगेत जाईल.