घरी खोली असताना बाहेर टेबल कशाला?

पत्र एका आईचं आहे, मोठं आहे, थोडक्यात सांगते. मुलगी सव्वीस वर्षांची, चांगली नोकरी सोडून वर्ष झालं, एका मैत्रिणीबरोबर फिजिओथेरपिस्ट लोकांसाठी सॉफ्टवेअर बनवतीये. पेशंटला घरी करायचे व्यायाम फोनवर दिसणार आणि त्याने ते केले की नाही हे थेरपिस्टला कळणार. मैत्रीण दुसऱ्या गावात, ही आपल्या खोलीत. आता ही म्हणते को-वर्किंगमध्ये, म्हणजे वेगवेगळे लोक भाडं भरून एकत्र बसून आपापलं काम करतात अशा ऑफिसात, टेबल घ्यायचंय. शिवाय एक गृहस्थ, मोठ्या कंपनीत बरीच वर्षं मार्केटिंग हेड होते, ते मेंटॉर, म्हणजे वाट दाखवणारे सल्लागार, व्हायला तयार आहेत पण कंपनीत १० टक्के हिस्सा मागतायत. आईचं म्हणणं असं की घरी स्वतंत्र खोली आहे, इंटरनेट आहे, शांतता आहे, मग टेबलाचं भाडं कशाला, हे सगळं आजकालचं फॅड आहे, आणि चार परक्या लोकांत बसून आयडिया चोरीला गेली तर?

ताई,

तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की ती हल्ली जेवताना पण बोलत नाही, विचारलं तर "काही नाही, चाललंय" एवढंच म्हणते आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा चालू असतो. मला त्या ओळीची जास्त काळजी वाटली, भाड्याची नंतर.

आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी तुमच्यासारखाच सल्ला दिला होता, की घरी बस, पैसे वाचव, ऑफिस वगैरे नंतर. तो शाळांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर बनवत होता. अकरा महिने घरी बसला, सॉफ्टवेअर छान झालं, मला दाखवायला आणलं होतं. मग विकायला निघाला तर एकही शाळा घेईना, सगळीकडे "बघू, कळवतो". त्याला वाटलं प्रॉडक्टमध्येच खोट आहे म्हणून अजून तीन फीचर घातली, तरी तेच. शेवटी कंटाळून एका शेअर्ड ऑफिसमध्ये बसायला लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरचा माणूस, ज्याने आधी शाळांना काहीबाही विकलेलं होतं, तो म्हणाला अरे तू वर्षाच्या मध्यात विकतोयस, या गोष्टी शाळा नवीन वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवतात, बजेट तेव्हाच असतं, आत्ता मुख्याध्यापकाला कितीही आवडलं तरी त्याच्या हातात काही नाहीये. दोन मिनिटांची गोष्ट. अकरा महिन्यांत ती त्याला कुणी सांगितली नाही, मी पण नाही, कारण मलाच माहीत नव्हती. नेटवर मिळाली असती का? असेलही, पण शोधायला बसायचं तर काय शोधायचं ते तरी माहीत पाहिजे ना.

तर टेबल, खुर्ची, वायफाय यासाठी पैसे जाणार असतील तर नकाच देऊ, ते सगळं घरी आहे. पैसे जातात ते शेजाऱ्यासाठी. शेजारी चांगला मिळाला तर भाडं वसूल, नाही मिळाला तर तुमचं म्हणणं बरोबर, फुकट गेले.

फॅडचं म्हणाल तर एका छताखाली छोटे धंदे बसवायची कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेत बटेव्हिया नावाच्या गावात शेतीची यंत्रं बनवणारा मोठा कारखाना बंद पडला होता, १९५९ साली जोसेफ मॅनकुसो नावाच्या माणसाने ती प्रचंड इमारत हातात घेतली आणि एवढी जागा घेणारा एकच भाडेकरू काही मिळेना, म्हणून त्याने तुकडे करून छोट्या छोट्या धंद्यांना दिली, ऑफिसच्या सोयी सगळ्यांना मिळून, वर सल्ला आणि भांडवल उभं करायला मदत. भाडेकरूंमध्ये एक कोंबडीची पिल्लं उबवणारा पण होता, त्यावरूनच गमतीने हे लोक आपल्या जागेला इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, म्हणायला लागले आणि तो शब्द चिकटला तो चिकटलाच. आपण आज मोठ्या रुबाबात इन्क्युबेशन सेंटर म्हणतो ते मूळचं कोंबड्यांचं!

को-वर्किंग त्या मानाने नवीन. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रामरने सुरू केलं आणि त्याची अडचण ऐका, त्याला एकट्याने काम करायचं स्वातंत्र्य पण हवं होतं आणि ऑफिसातली माणसं पण हवी होती, दोन्ही एकत्र कुठे मिळेना. म्हणजे तुमच्या मुलीचंच दुखणं. आठवड्यातून दोनच दिवस जागा मिळायची, टेबलं मांडायची आणि परत आवरायची, आणि पहिला महिनाभर कुणी आलंच नाही. हा "दोनच दिवस" लक्षात ठेवा, त्यावर परत येणार आहे.

आता मी को-वर्किंगवाल्यांची जाहिरात करतीये असं वाटायला नको म्हणून दुसरी बाजू पण सांगते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या थॉमस अ‍ॅलन यांनी इंजिनीअर लोकांचा अभ्यास केला होता, कोण कुणाशी किती बोलतं, आणि दिसलं असं की बसायच्या जागांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं, ५० मीटरच्या पुढे तर असून नसल्यासारखं. त्यावरून लोकांनी अर्थ काढला की भिंती पाडा, सगळ्यांना जवळ बसवा, झालं. पण २०१८ मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी अशा कंपन्यांत मोजून बघितलं ज्या नुकत्या ओपन ऑफिसमध्ये गेल्या होत्या, तर समोरासमोरचं बोलणं वाढायच्या ऐवजी साधारण ७० टक्क्यांनी कमी झालं, मेल आणि मेसेज वाढले. साहजिक आहे, सगळे बघतायत म्हटल्यावर माणूस हेडफोन घालून स्क्रीनमध्ये तोंड खुपसतो. त्यामुळे नुसतं जवळ बसून काही होत नाही, कुणीतरी बोलायची सवय लावावी लागते.

आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा मला वाटतो तो वाय कॉम्बिनेटर. २००५ पासूनचा जगातला बहुतेक सगळ्यात नावाजलेला अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे नवीन कंपन्यांना थोडे पैसे आणि सल्ला देऊन काही महिने पुढे ढकलणारी संस्था, आणि त्यांची पहिल्यापासूनची पद्धत अशी की बसायला टेबल आम्ही देणार नाही, काम तुमच्या घरी करा, फक्त आठवड्यातून एकदा सगळे एकत्र जेवायला या. त्या रात्री कुणीतरी अनुभवी माणूस येऊन बोलणार आणि बाकीचे विचारणार, गेल्या आठवड्यात काय केलंस? दर आठवड्याला आपल्यासारख्याच लोकांसमोर "काही नाही, चाललंय" म्हणायची लाज वाटते हो. आईसमोर नाही वाटत.

म्हणून तिला सांगा टेबल घे पण रोजचं नको. आठवड्याचे दोन-तीन दिवस, महिन्या-महिन्याचा करार, वर्षाचा अजिबात नाही, डिस्काउंट कितीही देऊ देत. डोकं लावून कोड लिहायचं ते घरीच होतं, तुमची शांत खोली तिथे कामाची आहे. आणि पैसे भरायच्या आधी एक-दोन दिवस डे पास काढून नुसतं बसून यायचं. आतलं डेकोरेशन बघायचं नाही, तिथे बसलेत कोण ते बघायचं. सगळे मोठ्या कंपन्यांचे कर्मचारी दिवसभर कॉलवर असतील तर ती जागा हिच्या कामाची नाही. कुणी दवाखान्यांना, हॉस्पिटलांना काही विकतंय का, कुणी हिच्या एक-दोन वर्षं पुढे आहे का, आठवड्यात एखादी वेळ अशी आहे का जेव्हा लोक एकमेकांना काम दाखवतात, हे जागा चालवणाऱ्या मॅनेजरला सरळ विचारायचं. त्याला दोन-तीन जणांबद्दलसुद्धा सांगता आलं नाही, कोण काय करतं, तर तो फक्त भाडं गोळा करतोय असं समजा. बाकी लॉकर, मीटिंग रूम, कंपनीचा पत्ता नोंदवायला ती जागा चालते का, हे करारात वाचून घ्यायचं, त्यात काही विशेष नाही.

चोरीबद्दल. ताई, आयडिया कुणी चोरत नाही, कारण दुसऱ्याची आयडिया घेऊन दोन-दोन वाजेपर्यंत जागायची कुणाची तयारी नसते, प्रत्येकाला आपापल्या आयडियाचंच इतकं कौतुक असतं. पण एका गोष्टीला मी तुमच्यापेक्षा जास्त घाबरते. तिच्या लॅपटॉपवर पेशंटची माहिती असणार, नाव, आजार, फोन नंबर. ती शेजाऱ्याला दिसता कामा नये. लोकांना दाखवायला खोटी नावं भरलेला डेमो वेगळा ठेव, खऱ्या पेशंटबद्दलचे कॉल बंद खोलीत घे, जागेवरून उठताना स्क्रीन लॉक कर, कॉमन वायफायवर खरा डेटा उघडूच नको, आपला हॉटस्पॉट वापर. हे मात्र तिला माझं नाव घेऊन सांगा.

आता ते गृहस्थ. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, किंबहुना तुमच्यापेक्षा कडक. १० टक्के म्हणजे किती याचा अंदाज यावा म्हणून सांगते, तेच वाय कॉम्बिनेटर हल्ली ७ टक्के घेतं आणि त्यासाठी १,२५,००० डॉलर खिशातून घालतं, वर ते सगळं नेटवर्क. हे गृहस्थ काय घालतायत? महिन्याला दोन फोन? सल्लागाराला हिस्सा देतात, नाही असं नाही, पण तो साधारण एक टक्क्याच्या आत असतो, तोही एका दमात नाही, दोनेक वर्षांत थोडा थोडा त्यांच्या नावावर होत जातो, याला व्हेस्टिंग म्हणतात, आणि पहिले तीन महिने तर काहीच नाही, पटलं नाही तर नमस्कार. उद्या गुंतवणूकदार आला की पहिल्यांदा कॅप टेबल मागतो, म्हणजे कुणाचा किती हिस्सा ते, आणि त्यात काम न करणाऱ्या माणसाचे १० टक्के दिसले की तो या दोघींना विचारणार हे काय आहे, आणि ते परत काढून घेणं सहीएवढं सोपं नसतं.

गृहस्थ वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये. पण मोठ्या कंपनीतलं मार्केटिंग वेगळं असतं, मागे नाव असतं, बजेट असतं, माणसं असतात. हिला आत्ता हवाय तो माणूस ज्याने छोट्या क्लिनिकच्या दारात उभं राहून काहीतरी विकलंय, नाहीतर सरळ एखादी फिजिओथेरपिस्ट, पंधरा-वीस वर्षं पेशंट बघितलेली, जी सांगेल की व्यायाम न करणारा पेशंट मुळात का करत नाही. ही माणसं स्वतःला मेंटॉर म्हणवत नाहीत, म्हणून पोरांना दिसत नाहीत!

आणि मेंटॉरकडून नक्की काय मिळतं त्याचं एक उदाहरण देते. २००५ मध्येच वाय कॉम्बिनेटरच्या पहिल्या बॅचसाठी दोन मुलं फोनवरून जेवण ऑर्डर करायची कल्पना घेऊन आली होती, स्मार्टफोन यायच्या आधीची गोष्ट, त्यांना नाही म्हणून परत पाठवलं. पण दुसऱ्या दिवशी वाय कॉम्बिनेटरच्या संस्थापकांपैकी एक, पॉल ग्रॅहम यांनी फोन केला, ती दोघं परतीच्या ट्रेनमध्ये होती, म्हणाले तुम्ही दोघं आवडलात, कल्पना नाही आवडली, दुसरं काहीतरी करणार असाल तर या. ती मागे फिरली आणि त्यातून रेडिट ही लोकांच्या गप्पा-चर्चांची प्रसिद्ध वेबसाइट झाली. घरचे लोक एकतर दोन्ही छान म्हणतात नाहीतर दोन्ही सोडून नोकरी कर म्हणतात. माणूस चांगला पण काम चुकलंय हे वेगळं काढून सांगायला बाहेरचं कुणीतरी लागतं, ज्याला तुमचं मन राखायची सक्ती नसते.

मात्र मेंटॉर जास्त झाले की वेगळाच घोळ होतो. टेकस्टार्स नावाचा असाच दुसरा कार्यक्रम आहे, तसल्या ठिकाणी सुरुवातीच्या काही आठवड्यांत ढीगभर मेंटॉरना भेटवतात, एक म्हणतो किंमत वाढव, दुसरा म्हणतो फुकट दे, तिसरा म्हणतो थेरपिस्ट सोड आणि पेशंटलाच विक. याला ते मेंटॉर व्हिपलॅश म्हणतात, मान इकडून तिकडे फिरून फिरून आखडते. प्रत्येकजण आपापल्या धंद्यात जे चाललं तेच सांगत असतो, खोटं कुणीच बोलत नाही. तिला सांगा उत्तरं वहीत लिहू नको, त्यांनी विचारलेले प्रश्न लिही. उत्तरं तिघांची तीन असतील पण तिघांनी विचारलं की पैसे नक्की कोण देणार, क्लिनिक का पेशंट, तर तो प्रश्न खरा आहे आणि तो हिने टाळलाय. भेटायला जाताना एकच प्रश्न घेऊन जायचा, आदल्या दिवशी चार ओळींत पाठवायचा आणि दोन आठवड्यांनी कळवायचं की तुम्ही सांगितलं त्यातलं हे केलं, हे नाही केलं आणि का. एवढं करणारी मुलं फार थोडी असतात, त्यामुळे अशांना लोक हिस्सा न मागता वेळ देतात, हे माझ्या बघण्यात बऱ्याचदा आलंय.

तीन महिने बघा. बँकेत किती उरले हे बघू नका, ते तर कमीच होणार. या तीन महिन्यांत ती किती थेरपिस्टना प्रत्यक्ष भेटली आणि कुणाच्या बोलण्यामुळे तिने कामात काही बदललं का, एवढं विचारा. एकही नाव सांगता आलं नाही तर टेबल सोडायला सांगा, माझी हरकत नाही. दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीला पण महिन्यातून आठवडाभर बोलावून घ्या, तुमच्याकडेच राहू दे, दोघी शेजारी बसून काम करू देत. दोन पार्टनर एकमेकींना फक्त स्क्रीनवर भेटतायत हे मला त्या टेबलापेक्षा जास्त खटकलं, पण तुम्ही विचारलं नव्हतं म्हणून शेवटी लिहिलं.

गृहस्थांना काय कळवायचं ते तिलाच लिहू द्या. "सध्या हिस्सा कुणालाच देत नाही आहोत, पण एक प्रश्न होता, पाठवू का?" एवढं पुरे. हो म्हणाले तर माणूस कामाचा आहे.