स्कूटरचा गंजलेला पत्र्याचा साइड पॅनेल घरीच फायबरचा बनवता येईल का?

येईल. मी स्वतः शेडमध्ये हे काम करतो. वस्तू एका दुपारी निघते, खरी मेहनत साच्याची.

तुमचा जुना पॅनेलच नमुना म्हणून वापरा. गंजाची भोकं पुटीने भरा आणि 1000 नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत घासत जा, कारण नमुन्यावरचा प्रत्येक ओरखडा साच्यात उतरतो. मग वॅक्सचे पाच हात, प्रत्येक हात नीट चमकवून, आणि वर पीव्हीएचा (साचा सुटावा म्हणून लावायचा द्रव, सुकून पातळ पापुद्रा होतो) पातळ थर. माझ्या पहिल्या साच्याला मी घाईत दोनच हात दिले होते. नमुना आणि साचा असे चिकटले की दोन्ही छिन्नीने फोडावे लागले. पॅनेलच्या कडा आत वळलेल्या असतील तर साचा दोन तुकड्यांत करा आणि नटबोल्टने जोडा, नाहीतर माल, म्हणजे नवा पॅनेल, आतच अडकेल. साचाही नमुन्यावर पुढे सांगितलेल्या पद्धतीनेच थर चढवून बनवा, फक्त तो मालाच्या दुप्पट जाड हवा.

साच्याला पुन्हा वॅक्स आणि पीव्हीए मारून जेलकोट (बाहेरून दिसणारा रेझिनचा गुळगुळीत थर) लावा. तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, तेव्हा मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, रेझिनने भिजवत घाला. चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या मॅटचे तीन थर दिले की साधारण 3 मिलिमीटर जाडी मिळते. रेझिन (हार्डनर घातल्यावर कडक होणारा पॉलिस्टरचा द्रव) मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट घ्या. ब्रश ओढू नका, टेकवत चला. मॅट आधी पांढरी दिसते, मग तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर विरघळून ती पारदर्शक होते. तेवढी मिनिटं थांबायला शिका. कोपऱ्यात हवा राहिली की तिथेच पुढे तडा जातो.

हार्डनर किलोभर रेझिनला 15 ग्रॅम, पण एका वेळी पाव किलोच रेझिन कालवा. डब्यात जास्त राहिलं तर ते तापून धूर सोडतं. कोबाल्ट (रेझिन लवकर कडक करणारा द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. म्हणून दुकानात कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा. हार्डनरचा एक थेंबही डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, चष्मा घालाच. कापडी मास्क रेझिनमधल्या स्टायरीनची वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. स्वयंपाकघराजवळ तर हे काम मुळीच नको. भर पावसाळ्यातही टाळा, दमट मॅट रेझिन नीट पीत नाही.

माल चामड्यासारखा झाला की कडा कटरने कापून घ्या, पूर्ण कडक झाल्यावर ग्राइंडर लागेल आणि काचेची धूळ अंगाला खाजेल. आतली बाजू थोडी चिकट राहिली तर घाबरू नका. हवा लागते त्या पृष्ठभागावर साधं पॉलिस्टर रेझिन असंच सुकतं.