माउसवर हात कोणाचा?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून लालबागमधील आमच्या चाळीत राहणाऱ्या 19 वर्षांच्या एका मुलाला त्याच्या घरी जाऊन संगणक शिकवतो. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. समज उत्तम आहे, पण हातांवर ताबा राहत नाही. चाळीला लिफ्ट नसल्याने त्याला क्लासला नेता येत नाही. एकच अक्षर पाच-सहा वेळा उमटते आणि माउस धरता येत नाही, म्हणून त्याची आई माउस फिरवते. तीन महिन्यांत प्रगती दिसत नाही. काय करावे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी त्याची बैठक पाहावी. पाय लोंबकळत असतील तर शरीर ताठरते आणि हात अधिकच अनावर होतात. पायांखाली पाट द्यावा, पाठीला व कोपरांना आधार द्यावा आणि कळफलक सरकू नये म्हणून त्याखाली दमट फडके अंथरावे.

कळ दाबलेली राहिली की संगणक तेच अक्षर लिहीत जातो. ज्याला बोट चटकन उचलता येत नाही त्याला ही सोय शिक्षाच ठरते. विंडोजमधील ‘फिल्टर कीज’ सुरू केल्यास असे नकळत झालेले पुनरावर्तन टळते, आणि कळ किती वेळ दाबल्यावर अक्षर उमटावे हेही ठरवता येते. हा अवधी त्याच्या हाताशी जुळवण्यात दोन-तीन दिवस गेले तरी हरकत नाही. शिफ्टची कळ लागोपाठ 5 वेळा दाबली की ‘स्टिकी कीज’ सुरू करता येते व एकत्र दाबायच्या कळा (उदा. शिफ्ट आणि अक्षर) एकेक करून दाबता येतात. मराठी लिहिताना तर ती हवीच, कारण इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाणित कळफलकावर ख, घ, छ, झ ही अक्षरे शिफ्टशिवाय उमटत नाहीत. माउसऐवजी ‘माउस कीज’ वापराव्यात: उजवीकडील अंकांच्या कळांपैकी 8, 2, 4 आणि 6 यांनी बाण वर, खाली, डावीकडे व उजवीकडे सरकतो आणि 5 ने क्लिक होते. लॅपटॉपवर या कळा नसल्यास वेगळा कळफलक जोडावा. बोट शेजारच्या कळेवर पडत असेल तर कळांवर बसवायची भोकांची पट्टीही मिळते. त्यासाठी हाजी अली येथील केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत व्यवसायोपचार तज्ज्ञांना (ऑक्युपेशनल थेरपिस्टना) एकदा अवश्य दाखवावे. चाळीचे जिने उतरवणे किती कष्टाचे आहे हे जाणूनही मी हे सुचवतो आहे.

आता आईंविषयी. त्यांची तळमळ मला समजते, परंतु माउस त्या फिरवतात तोवर शिकणे त्यांचे होते, मुलाचे नाही. ‘तू सांगेपर्यंत मी हात लावणार नाही’ असे त्यांनी त्यालाच सांगावे, आणि तो एक ओळ लिहायला दहा मिनिटे घेत असेल तर ती दहा मिनिटे तुम्ही दोघांनीही शांतपणे बसून काढावीत. थकवा लवकर येतो, म्हणून एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त शिकवू नये. एमएस-सीआयटी या संगणक परीक्षेची घाईही नको. पुढच्या महिन्याची वाणसामानाची यादी त्याला लिहू द्या आणि चुकांसकट तीच यादी दुकानात न्या.