सख्ख्या मामाचं लग्न आणि शाळेचा नकार

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका ताईंनी विचारलंय. सख्ख्या भावाचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रविवारी, सांगलीला. मुलगी इयर फोरमध्ये, मुलगा इयर टूमध्ये. दोन आठवड्यांची रजा मागितली तर हेडटीचरनी सरळ नाही म्हटलं. आता मिस्टर म्हणतायत की फोन करून सांगू दोघांना ताप आलाय, आणि सासूबाई म्हणतायत मुलांना ठेवून तू एकटीच जा. काय करू?

ताई, मुलांना घेऊन जा. पण तापाचा फोन अजिबात करू नका.

आधी एक गोष्ट, यात चूक कोणाचीच नाहीये. इंग्लंडच्या शाळांची मोठी सुट्टी जुलैअखेर ते ऑगस्ट, म्हणजे नेमकी आपल्या चातुर्मासात, तेव्हा मुहूर्तच नसतात. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते, तोवर इथली ऑक्टोबरची हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली छोटी सुट्टी, संपून शाळा जोरात चालू असते. ख्रिसमसच्या सुट्टीत जावं तर बरेचदा पौष आडवा येतो, आणि पौषात लग्न नको म्हणणारी घरं अजून भरपूर आहेत. त्यामुळे हा पेच दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात येतोच.

आता नियम. २०१३ पर्यंत हेडटीचर खास कारण असेल तर फॅमिली हॉलिडेसाठी दहा दिवसांपर्यंत रजा देऊ शकायचे, ते काढून टाकलं, आता फक्त अपवादात्मक कारण असेल तरच रजा मिळते आणि कारण अपवादात्मक आहे की नाही ते हेडटीचरच ठरवतात. मुलीची हजेरी बाकी वर्षभर छान आहे हा मुद्दा चालत नाही, २०१७ मध्ये एका वडिलांची केस पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती आणि ते हरले. ऑगस्ट २०२४ पासून दंड असा आहे: प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पाउंड, २१ दिवसांत भरले तर. त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६०. म्हणजे तुम्ही दोघं आणि दोन मुलं, ३२० पाउंड, उशीर केलात तर ६४०. तीन वर्षांत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा झालं तर सरळ १६०, आणि तिसऱ्यांदा दंडाची नोटीस न येता प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, तिथे २,५०० पाउंडपर्यंत दंड होऊ शकतो. (हे इंग्लंडचं सांगतेय. वेल्सचे आकडे वेगळे आहेत, स्कॉटलंडमध्ये असा दंड नाही.)

पण दंडाचा विचार साधारण कधी सुरू होतो, तर दहा शालेय आठवड्यांत विनापरवानगी दहा सेशन भरली की. सकाळ एक सेशन, दुपार एक, म्हणजे पाच दिवस. त्यामुळे दोन आठवडे विसरा आणि असं बघा: बुधवारी शाळा सुटल्यावर हीथ्रोहून रात्रीचं विमान, गुरुवारी दुपारी मुंबई, रात्रीपर्यंत सांगली. शुक्रवार आरामाचा आणि मेंदीचा, शनिवारी हळद, सीमांतपूजन, रविवारी लग्न, सोमवारी सकाळी पूजेचा प्रसाद घेऊन मुंबईकडे निघा, मंगळवारी परत. बुधवारी मुलं वर्गात. चार दिवस, आठ सेशन. दमछाक होईल, मान्य आहे, मुलं विमानात कुरकुर करतील, पण होतं. फक्त एक लक्षात घ्या, त्याच काळात रजिस्टर बंद झाल्यावर मुलं उशिरा पोचली असतील तर ती सेशनही यात मोजली जातात, म्हणून ऑफिसमधून हजेरीचा रेकॉर्ड आधी मागून घ्या. आणि कौन्सिल, म्हणजे तिथलं स्थानिक प्रशासन, काही वेळा दहाच्या आधीही नोटीस काढू शकते, तेवढी तयारी ठेवा.

मग हेडटीचरना परत लिहा. पहिल्यांदा तुम्ही दोन आठवडे मागितले म्हणून नाही आलं असेल, चार दिवसांचं उत्तर वेगळं येऊ शकतं, निदान दोन दिवस तरी मंजूर होऊ शकतात. पत्रात स्पष्ट लिहा की आईच्या सख्ख्या भावाचं लग्न आहे, मुलगी करवली आहे, तारीख आमच्या हातात नव्हती. सोबत पत्रिका आणि परतीचं तिकीट जोडा. ‘हॉलिडे’ शब्द कुठेही नको.

खोट्या फोनचं का नको म्हणतेय? मुलगी परत येईल ती कोपरापर्यंत रंगलेली मेंदी घेऊन. बाई कौतुकाने विचारतील, ‘अगं, किती सुंदर, कुठे काढलीस?’ आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरीला तिथे उभं राहून ठरवावं लागेल की आईबाबांना सांभाळायचं की खरं बोलायचं. हे ओझं तिच्यावर टाकू नका हो. ३२० पाउंड लागले तरी चालतील, भाऊ आहेराऐवजी ते समजून घेईल.

एकटीने जाण्याबद्दल म्हणाल तर, अंतरपाटाशी करवली म्हणून कऱ्हा घेऊन उभं राहिलेल्या मुलीला मामाचं घर आपलं वाटतं, व्हिडिओ कॉलवर अक्षता बघून नाही वाटत. मामा, मावशी, काका, आत्या यांच्या लग्नाला मुलं हवीतच असं माझं ठाम मत आहे. चुलत-मावस भावंडांच्या प्रत्येक लग्नाला मात्र नाही, तिथे एकाने जाऊन यावं. आणि इयर इलेव्हनचं, म्हणजे जीसीएसई बोर्ड परीक्षेच्या वर्षातलं मूल असेल, किंवा लग्न मे महिन्यात इयर सिक्सच्या सॅट्सच्या (प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षांच्या) आठवड्यात येत असेल, तर माझं उत्तर बदलेल.

अजून ज्यांच्या घरात नुसती बोलणी चालू आहेत त्यांनी आजच कौन्सिलच्या साइटवरून पुढच्या वर्षीच्या टर्म डेट्स काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकाव्यात. इस्टरची सुट्टी आणि मे अखेरची हाफ टर्म, या दोन्हींत बरेचदा मुहूर्त सापडतात. गुरुजी तीन-चार तारखा काढून देतातच, हॉल बुक व्हायच्या आधी सांगितलं तर घरचे ऐकतात, नंतर कोणाच्याच हातात काही राहत नाही.