.५८ कॅलिबरच्या ठासणीच्या रायफलीत दारूचं माप किती ठेवावं?

एकच ठरलेलं माप नसतं. तुमच्या रायफलीच्या कंपनीने दिलेल्या सर्वात कमी मापापासून सुरुवात करा आणि ५-५ ग्रेनने (ग्रेन म्हणजे दारू मोजायचं छोटं एकक) वाढवत जा. प्रत्येक मापावर ५० यार्डांवरून पाच बार काढा, दर बारानंतर नळी ओल्या चिंधीने पुसा. ज्या मापाला गोळ्या सगळ्यात जवळजवळ पडतात तेच तुमचं माप. त्यापुढे जोर वाढतो, पण नेम बिघडतो आणि खांद्याला उगाच दणका बसतो. कंपनीची कमाल मर्यादा मात्र कधीच ओलांडू नका.

गोल गोळी वापरत असाल तर गोळीभोवती गुंडाळलेल्या, बारासोबत उडालेल्या चिंध्या उचलून नीट बघा, त्या बरंच सांगतात: जळलेली किंवा फाटलेली चिंधी म्हणजे कापड पातळ आहे किंवा तेल-चरबी कमी पडते आहे. आधी ते सुधारा, माप नंतर बदला. मी गेली काही वर्षं अमेरिकेत अशीच रायफल चालवतो, माझा अनुभव हाच आहे.

मिनिए गोळीला (टोकदार, मागून पोकळ शिशाची गोळी) हे जसंच्या तसं लागू नाही. तिचा मागचा पोकळ घेर जास्त दारूने फाकतो, म्हणून माप हलकंच लागतं. १८५३ च्या एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीला (.५७७ कॅलिबर) सुमारे ७० ग्रेनच पुरत.

आणि कृपा करून, फक्त काळी दारू किंवा तिचा मान्य पर्याय वापरा. आधुनिक बिनधुराच्या पावडरीने नळी फुटते. गोळी दारूला टेकेपर्यंत ठासा, मध्ये पोकळी नको.