वाचकांचे प्रश्न : सात किलो म्हणजे नेमके किती कपडे?

प्रश्न : आमचं सात किलोचं फ्रंट लोड मशीन आहे. यजमान मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात, त्यामुळे रोज एक जोड पिवळा होतो. रंगीत कपडे मी वेगळे काढते, तरी कॉलर मळकट राहतात आणि मुलांच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर पिवळी झाक येते. हळदीचे डाग तर मशीनमधून लाल होऊन निघतात. कुठे चुकतं? — एक वाचक, सांगली

उत्तर : आधी लाल डागांबद्दल, कारण ते बघून घाबरलेली माणसं ब्लीच ओततात आणि चांगला कपडा घालवतात. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, तेच इथे घडतं. हळदीतला कर्क्युमिन हा रंग क्षारात लाल होतो आणि धुण्याची पावडर क्षारधर्मीच असते. कपडा लाल निघाला म्हणजे त्यात पावडर उरली आहे. आणखी एकदा विसळा, डाग परत पिवळा होईल. उरलेला पिवळेपणा उन्हाने जातो. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, म्हणून डागाची बाजू वर करून कपडा ओला असतानाच कडक उन्हात घाला. दाट डागाला दोन-तीन उन्हं लागतात. गडद रंगाचे कपडे मात्र फार वेळ ठेवू नका, त्यांचा मूळ रंगही विटेल.

यार्डातले कपडे बाकीच्या धुण्यात कधीच मिसळू नका. सुती कापड हळद पटकन धरतं, शाळेचे शर्ट त्यामुळेच पिवळे होतात. कपडे कोरडे असतानाच अंगणात झटका आणि खिसे उलटे करा. हळकुंडाचा एखादा तुकडा पंपाच्या फिल्टरपर्यंत गेला की पाणी बाहेर पडत नाही आणि मशीन मध्येच थांबतं. खाली पुढच्या बाजूला असलेली फिल्टरची झाकणी तुमच्या घरी महिन्यातून एकदा तरी उघडा. आधी ताट आणि फडकं ठेवा, आत पाणी असतं.

कॉलर मळकट राहतात त्या मशीन कोंबून भरल्यामुळे. घाटावर कपडा दगडावर आपटत, तसा फ्रंट लोडमध्ये तो ड्रमबरोबर वर जातो आणि खाली आपटतो. मळ त्या आपटण्याने सुटतो. ड्रम गच्च भरला तर कपडे पडतच नाहीत, नुसता गठ्ठा गरगरतो. कपडे भरल्यावर वर हाताचा पंजा उभा आत जायला हवा.

सात किलो हे कोरड्या कपड्यांचं वजन असतं, आणि तेही सुती कपड्यांच्या प्रोग्रामसाठी. साधारण हिशेब असा : जीन्स ६०० ते ८०० ग्रॅम, अंघोळीचा टॉवेल ४०० ते ६००, डबलबेडची चादर ७०० ते १,०००, मोठ्यांचा शर्ट २०० ते २५०. दोन जीन्स, तीन टॉवेल, एक चादर, दहा शर्ट झाले की सहा किलो भरले. सिंथेटिक कपडे साडेतीन किलोच्या आतच ठेवा, आणि अर्ध्या तासाच्या झटपट प्रोग्रामला दोन किलोच्या वर जाऊ नका. नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो.

वर्गवारी नुसत्या रंगावरून करू नका, मळ आणि कापडाचा जडपणाही बघा. जीन्सबरोबर पातळ ब्लाउज टाकला तर तो घासून झिजतो. झिपा आणि हुक लावून, जीन्स उलटी करून टाका. नऊवारी बाकीच्या धुण्याला विळखा घालते, ती घडी करून जाळीच्या पिशवीत घाला. नवा रंगीत कपडा रंग सोडतो का, हे आतल्या शिवणीवर ओलं पांढरं फडकं चोळून कळतं.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. काळ्या पँटींवर पांढरे चट्टे पडतात. पावडर वाढवू की कमी करू? — एक वाचक, विटा

उत्तर : आधी चट्टा कशाचा ते ओळखा. साध्या पाण्याने चोळून गेला तर ती न विरघळलेली पावडर आहे : कपडे कमी भरा, पावडर कोमट पाण्यात विरघळवून घाला किंवा लिक्विड वापरा. पाण्याने न जाता व्हिनेगरच्या थेंबाने गेला तर ते पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. हे क्षार पावडरची ताकद खातात, म्हणून जड पाण्याला पाकिटावर सांगितलेलं जास्तीचं माप घ्यावंच लागतं. अंदाजाने ओतू नका. फेस फार झाला तर कपडे फेसावरच तरंगतात आणि नीट विसळले जात नाहीत.

हेच क्षार हीटरवर थर धरतात. दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, घालून ६० अंशांवर प्रोग्राम लावा. त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न : वाकळ टाकली की स्पिनला मशीन धडधडत पुढे सरकतं. — एक वाचक, सातारा

उत्तर : एकच जड वस्तू भिजून एका बाजूला गोळा होते आणि ड्रमचा तोल जातो. सोबत दोन टॉवेल टाका, म्हणजे वजन विभागलं जाईल. वाकळ कोरडी असताना ड्रम पाऊण भरत असेल, तर ती मशीनमध्ये धुऊच नका, भिजल्यावर तिचं वजन कितीतरी पटींनी वाढतं. मोकळं मशीनही हलत असेल तर चारही पाय फरशीला टेकतात का ते बघा. मशीन नवं असेल तर वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे लावलेले बोल्ट काढले आहेत का, हे सगळ्यात आधी तपासा.