गोव्यात राहून फ्रीलान्स डिझायनरला सतत काम कसं मिळेल?

तुमचा प्रश्न असा: फोंड्यात घरी बसून ग्राफिक डिझाइनची कामं घेता. एखाद्या महिन्यात डोकं वर काढायला वेळ नसतो, मग दोन महिने फोन वाजत नाही. अशा वेळी लीड, म्हणजे ग्राहकांच्या चौकशा, पुरवणाऱ्या पोर्टलचं वार्षिक पॅकेज घ्यावं, की सरळ पुणे किंवा बेंगळुरू गाठावं?

मीही फोंडा तालुक्यातलीच. लेबलं, पॅकेजिंग आणि माहितीपत्रकं हे माझं काम, आणि बरीच वर्षं घर त्यावरच चालतंय. म्हणून आधी उत्तर देते, कारणं नंतर. पॅकेज सध्या घेऊ नका, गोवा सोडायचीही गरज नाही. ज्याला तुमची गरज पडणार आहे, तो तुमच्यापर्यंत येण्याआधी कोणाकडे जातो ते शोधा आणि त्या माणसाच्या ओळखीचे व्हा. मला आजवर जी टिकाऊ कामं मिळाली, त्यातली बहुतेक याच वाटेने आली.

डिचोलीकडचा एखादा छोटा काजू कारखानदार डोळ्यांसमोर आणा. इतकी वर्षं तो घाऊक माल विकत होता, आता स्वतःच्या नावाचं पाकीट काढायचंय. तो आधी सीएला भेटतो. मग खाद्यपरवान्याची कागदपत्रं करून देणाऱ्याकडे जातो. मग पाऊच आणि सीलिंग मशीन विकणाऱ्याकडे. शेवटी प्रेसमध्ये पोचतो, आणि तिथे काउंटरवरचा माणूस विचारतो, "फाइल आणलीय?" आपल्याला डिझायनर लागतो हे त्याला पहिल्यांदा त्या क्षणी कळतं. त्या वेळी प्रेसवाल्याच्या तोंडून जे नाव निघेल त्याला काम मिळतं. हा माणूस इंटरनेटवर डिझायनर शोधायला बसत नाही. गोवा इतका छोटा आहे की त्याला तशी गरजच वाटत नाही, कोणीतरी ओळखीचा नाव सांगणारच असतो.

मग प्रेसवाल्याने तुमचंच नाव का घ्यावं? त्याचं दुखणं समजून घ्या. त्याच्याकडे येणाऱ्या कितीतरी फाइली आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, असतात, ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडलेला नसतो, फोटो व्हॉट्सअॅपवरून उतरवलेले असतात. मराठी मजकूर असला तर आणखी घोळ: तुम्ही युनिकोडमध्ये बसवलेलं, त्याच्याकडे जुनी श्रीलिपी (युनिकोडआधीची मराठी अक्षरं) आणि कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, आणि जोडाक्षरं फुटलेली. हे सगळं निस्तरण्यात त्याच्या माणसाचा अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. तुमची फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत), सगळीकडून तीन मिलिमीटर ब्लीड सोडलेली, अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टशिवाय उघडणाऱ्या आकारांत, बदललेली आणि त्याच्या आवृत्तीत उघडणारी असेल, तर दोन-तीन कामांत तो तुम्हाला ओळखू लागतो. पुढे तो ग्राहकाला तुमच्याकडे पाठवतो तो स्वतःच्या सोयीसाठी, आणि अशी शिफारस कमिशन देऊन मिळालेल्या शिफारशीपेक्षा जास्त टिकते. मी कमिशन देत नाही. माझ्या ग्राहकाची छपाई मात्र त्याच्याकडेच नेते.

खाद्यपरवान्याचं काम करणाऱ्यांचंही तसंच. त्यांना धास्ती असते ती छापून झालेलं लेबल नियमात न बसण्याची. म्हणून हे नियम मी नीट शिकून घेतले: एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आणि त्याचं बोधचिन्ह, शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क. काजू असतील तर अॅलर्जीची सूचना. पाऊच हजारांत छापले जातात. त्यावर एक ओळ राहिली तर सगळा लॉट वाया. ज्या डिझायनरला हे सांगावं लागत नाही त्याचं नाव हे लोक स्वतःहून पुढे करतात. आणि गोव्यात अशी पाकिटं वाढतच जाणार आहेत. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, खोला मिरचीला २०२० मध्ये, गोव्याच्या खाज्याला २०२१ मध्ये, तर बेबिंका आणि मानकुराद आंब्याला २०२३ मध्ये. मानांकन मिळालं की उत्पादकाला ते पाकिटावर दाखवायचं असतं, आणि तिथे तुमचं काम सुरू होतं.

यासाठी एक करावं लागतं, आणि ते बहुतेकांना जड जातं. तुमचं काम दुसऱ्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "लोगो, बॅनर, सोशल मीडिया, लग्नपत्रिका, व्हिडिओ, सगळं करतो" असं कार्ड सीएच्या टेबलावर पडलं, तर ते त्याला कधी आठवेल? "खाण्याच्या पदार्थांची लेबलं करणारी बाई" हे लगेच आठवतं. बाकीची कामं आली तर जरूर घ्या, मीही घेते. पण ओळख एकाच कामाची ठेवा. तुम्ही हॉटेलांचं धरा, बिल्डरांचं धरा, शाळांचं धरा. जे काम केलेलं दाखवता येईल तेच धरा.

आता वेळेचं. इथल्या धंद्यांना हंगाम असतो आणि खरेदीचा निर्णय त्याच्या कितीतरी आधी होतो. पर्यटनाचा मोसम ऑक्टोबरला उघडतो. पण हॉटेलचा मालक मेनूकार्ड, वेबसाइट, खोल्यांचे फोटो यांचा विचार करतो तो जून ते ऑगस्टमध्ये, खोल्या रिकाम्या आणि रंगकाम चालू असताना. नोव्हेंबरात त्याला फोन केलात तर तो दोन शब्दही धड बोलणार नाही. फराळ, मसाले, गोड पदार्थ करणाऱ्यांना नवं पाकीट चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी बाजारात हवं असतं, म्हणजे डिझाइनचं बोलणं त्याच्या दोन महिने आधी. वेर्णा, कुंडई, मडकईच्या कारखान्यांत डायऱ्या आणि कॅलेंडरं ऑक्टोबरच्या सुमारास ठरतात. मार्चअखेरीला उरलेलं बजेट खर्च करायची घाईही असते. खासगी शाळा आणि क्लासवाले वर्षाच्या सुरुवातीलाच प्रवेशाच्या तयारीला लागतात. हे एका कागदावर बारा महिन्यांचं मांडा, म्हणजे तुमच्या प्रश्नातले ते दोन रिकामे महिने बऱ्याच अंशी समजतील. काम आलं की आपण त्यात बुडतो, आणि पुढच्या हंगामाचे फोन करायचे राहून जातात. म्हणून हातात कितीही काम असलं तरी आठवड्यातली एक सकाळ मी नव्या ओळखींसाठीच ठेवते, आणि त्या सकाळी डिझाइनची फाइल उघडत नाही.

नावं कुठून आणायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तिथेच असते. माझी सर्वात आवडती जागा म्हणजे स्मरणिका. गोव्यात देवस्थानची जत्रा असो, शाळेचा सुवर्णमहोत्सव असो, नाट्यसंस्थेचा वर्धापनदिन असो की सार्वजनिक गणपती, स्मरणिका निघतेच, आणि मागची कितीतरी पानं शुभेच्छुकांच्या जाहिरातींची असतात. ती पानं लक्ष देऊन वाचा. तिथे छापलेला प्रत्येक धंदा जाहिरातीवर पैसे खर्च करतो हे सिद्ध झालेलं असतं, गाव आणि फोन क्रमांक दिलेला असतो, आणि कित्येकांनी तर नुसतं व्हिजिटिंग कार्ड स्कॅन करून पान भरलेलं असतं. कुठल्याही पोर्टलवर इतकी नेमकी यादी मिळणार नाही. आजूबाजूच्या गावांतल्या स्मरणिका मागून घ्या, लोक आनंदाने देतात.

बिल्डरांकडे वळायचं असेल तर गोवा रेराचं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, संकेतस्थळ पाहत जा. नोंदणी झालेल्या प्रकल्पांची यादी तिथे कोणालाही दिसते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे, ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते त्याची जाहिरात नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत करता येत नाही, आणि मिळाल्यावर तो क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो. म्हणजे यादीत नवं नाव दिसलं की तो बिल्डर माहितीपत्रक, फलक आणि वेबसाइट यांच्याच विचारात असणार. त्याचा आर्किटेक्ट तुमच्या ओळखीचा असेल तर आणखी बरं.

तिसरी जागा वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती. "ग्राफिक डिझायनर पाहिजे" असं छापणाऱ्या कंपनीकडे काम आहे, माणूस नाही. पूर्ण पगाराइतकं काम कित्येकदा नसतंही. "माणूस मिळेपर्यंत महिन्याला ठरावीक काम मी करून देते" असा फोन केलात तर नीट ऐकून घेतात. माझी दोन महिनेवारी कामं अशीच सुरू झाली.

संदेश छोटा ठेवा आणि समोरच्याचं काहीतरी पाहून मग लिहा. मी साधारण असं लिहिते: "नमस्कार. मी फोंड्याला खाद्यपदार्थांची लेबलं आणि पाकिटं डिझाइन करते. चवथीच्या बाजारात तुमची कोकम सोलं पाहिली. लहान पाकीट काढायचा विचार असेल तर नियमात बसणारं लेबल करून छपाईपर्यंत सगळं पाहते. केलेल्या कामाचे दोन नमुने सोबत आहेत." एवढंच. त्यांच्या सध्याच्या लोगोतल्या चुका दाखवू नका, तो बहुधा घरातल्याच कोणीतरी केलेला असतो आणि मन दुखावतं. फुकट नमुनाही करून पाठवू नका. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा फोन, आणि मग पुढच्या हंगामाआधी पुन्हा. "आत्ता नको" म्हणणाऱ्यांची वेगळी वही ठेवा. माझ्या अनुभवात पुढच्या वर्षीचं काम त्या वहीतूनच येतं. भाषेचंही भान ठेवा. सासष्टीत (मडगावकडच्या तालुक्यात) कोंकणीत बोललात तर दार लवकर उघडतं, आणि "कितलें जातलें?" (किती होतील?) हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत येणारच. आकडा तयार ठेवा. "पाहून सांगते" म्हटलं की समोरचा थंड होतो.

पोर्टलविषयी. लीड विकणाऱ्या साइटवर एकच चौकशी अनेक विक्रेत्यांकडे जाते, त्यामुळे ग्राहकाला एकाच तासात चार-पाच फोन जातात आणि बोलणं दरावरच अडकतं. ज्याचं काम ठरावीक आणि दर बाजारात माहीत असलेला, त्याला ते परवडू शकतं. आपल्या कामाला ते फारसं मानवत नाही. परदेशी ग्राहकांसाठी फायव्हरसारख्या साइट आहेत, पण फायव्हर तुमच्या कमाईतले २० टक्के घेतं, आणि सुरुवातीला परीक्षणं जमेपर्यंत कमी दरात राबावं लागतं. पावसाळ्यातला रिकामा वेळ भरायला एक बाजू म्हणून ठेवा, घरखर्च त्यावर टाकू नका. पणजीतल्या गोवा चेंबर ऑफ कॉमर्सचे कार्यक्रम जमतील तसे गाठा. १९०८ पासूनची संस्था आहे, आणि तिथे मालक स्वतः भेटतो, त्याचा मॅनेजर नव्हे.

नव्या ग्राहकांइतकंच जुन्यांकडे लक्ष द्या. काजूवाल्याला दरवर्षी नवा स्वाद, नवं वजन, दिवाळीचा गिफ्ट बॉक्स लागतो. काम संपताना पुढचं काय असेल ते विचारा आणि महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन ठरावीक कामं करण्याची तयारी दाखवा. अशा तीन-चार ग्राहकांवर घरखर्च निघाला की नवा ग्राहक निवडून घेता येतो, आणि घाईघाईने दर पाडावा लागत नाही.

पैशाचं एक सांगून ठेवते, कारण रखडलेलं बिल हेही रिकाम्या महिन्याचं कारण असतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, ऑनलाइन होते आणि फुकट असते. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे, सूक्ष्म किंवा लघू म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे लांबवता येत नाही, आणि करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा. कंपन्यांचे अकाउंटवाले तो पाहतात.

तुम्ही हे जुलैत विचारताय ही चांगली गोष्ट आहे. हॉटेलवाले मोकळे आहेत, चवथ तोंडावर आहे. या आठवड्यात फोंड्यातल्या आणि कुंडईच्या प्रेसमध्ये जाऊन या. दुपारी एक ते चार वगळा, सकाळची डिलिव्हरीची घाईही वगळा, साडेचारनंतर जा. सोबत केलेल्या कामाचे छापील नमुने न्या, मोबाइलवरचे फोटो नकोत, कारण प्रेसवाला कागद हातात घेऊन, बोटाने चाचपून पाहतो. काम मागू नका. त्यांना फाइल कशी हवी असते, कोणत्या आवृत्तीत, डायलाइन (पाकिटाच्या कापण्या-दुमडण्याच्या रेषांचा आराखडा) कोण देतं, छपाईच्या प्लेटला किती दिवस लागतात, हे विचारा आणि समोरच लिहून घ्या.